संकठा घाटावर आव्रिल

वाराणसी छावणीत पोस्टिंग आली तेव्हा कोर्समेट्सच्या ग्रुपवर एकच विनोद फिरला : "आता बढतीची काळजी सोड, थेट मोक्षच!" मोक्षाचं अजून काही कळलेलं नाही. पण या पोस्टिंगमध्ये पाहुणे मात्र भरपूर आले. काशीला यायला मराठी माणसाला निमित्त लागत नाही, आणि ओळखीतला कुणी तिथे असला तर मग विचारायलाच नको.

गेल्या महिन्यात आमचे जुने सुभेदार साहेब सपत्नीक आले. गाव जावळी तालुक्यातलं, निवृत्तीला सहा वर्षं झालेली. (सैन्याबाहेरच्या वाचकांसाठी : आम्ही सुभेदाराला 'साहेब' म्हणतो आणि तेही आम्हाला 'साहेब' म्हणतात. ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो, आमचा होत नाही.) छावणीतलं गेस्ट रूम त्यांनी नाकारलं. "साहेब, गंगेपासून लांब झोपायचं तर मग जावळी काय वाईट होती?" म्हणून त्यांची सोय संकठा घाटावरच्या गल्लीत एका मराठी गुरुजींच्या घरी केली. गुरुजींचं घराणं किती पिढ्यांपासून काशीत आहे, हे त्यांनाही नेमकं सांगता येत नाही. मराठी शुद्ध, मात्र मध्येच 'अरे भैया' येतं.

संकठा घाट पर्यटकांच्या यादीत वर नसतो. दशाश्वमेधची आरती, मणिकर्णिकेच्या चिता बघून मंडळी परततात. पण मणिकर्णिकेपासून उत्तरेला चालू लागलं की आधी शिंदे घाट लागतो. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला, स्वतःच्याच वजनाने खचलेला. त्याला लागून संकठा, पुढे गंगामहाल, मग नागपूरकर भोसल्यांचा घाट. दगडी पायऱ्यांवरून दहा मिनिटं चाललात तरी अर्धी मराठेशाही पायाखालून जाते. संकठा घाट बडोदेकरांनी बांधल्याचं सांगतात. वर गल्लीत संकटा देवीचं देऊळ आहे. वहिनींना तिथेच जायचं होतं. त्यांच्या पिशवीत देवीसाठी खणानारळाची ओटी होती, शेजारच्या गावातल्या एका बाईंनी दिलेली. त्या बाईंविषयी पुढे सांगतो.

त्या रात्री गुरुजींच्या चौकात आम्ही सिनेमा लावला. माझी तेरा वर्षांची मुलगी घरचा छोटा प्रोजेक्टर घेऊन आली होती. गुरुजींचे दोन नातू, सूनबाई, स्वतः गुरुजी, सुभेदार साहेब, वहिनी, आम्ही तिघं आणि शेजारचा एक नावाडी. चुना लावलेली भिंत हाच पडदा. सिनेमा मुलीने निवडला : २०१५ सालचा फ्रेंच अ‍ॅनिमेशनपट, 'आव्रिल ए ल मोंद त्र्युके'. इंग्रजीत त्याचं नाव 'एप्रिल अँड द एक्स्ट्राऑर्डिनरी वर्ल्ड'. आम्ही इंग्रजी आवृत्ती लावली आणि मी मराठी-हिंदी खिचडीत चालू समालोचन केलं.

सिनेमा न पाहिलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात, शेवट न फोडता. १८७० साल. फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध तोंडावर आलेलं. सम्राट तिसऱ्या नेपोलियनला असं एक सीरम हवं आहे, की जे घेतल्यावर त्याचा सैनिक अजिंक्य होईल. एक शास्त्रज्ञ त्यावर काम करतोय. सम्राट प्रयोगशाळेत येतो, स्फोट होतो, सम्राट मरतो. त्याचा मुलगा गादीवर येतो आणि प्रशियाशी तह करतो. युद्ध होतच नाही. इथून इतिहासाचा रूळ बदलतो. पुढे जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ एकामागून एक गायब होऊ लागतात. परिणाम असा की वीज नाही, पेट्रोलचं इंजिन नाही, रेडिओ नाही. जग वाफेवरच अडकून पडतं. कोळसा संपतो, मग माणसं लाकूड जाळतात, युरोपातली झाडं संपतात. राज्यं एकमेकांशी जंगलांसाठी लढू लागतात. १९४१च्या पॅरिसमध्ये काजळीने माखलेलं आकाश आहे, जुळे आयफेल टॉवर आहेत आणि तिथून बर्लिनपर्यंत हवेतून जाणारी वाफेची केबल कार. त्या पॅरिसमध्ये एका प्रचंड पुतळ्याच्या पोकळीत आव्रिल नावाची तरुणी लपून राहते. सोबत डार्विन नावाचं बोलणारं मांजर. मांजर आजारी आहे. सरकारने अजिंक्य सैनिकासाठी मागितलेलं तेच सीरम ती पुन्हा बनवू बघते आहे, पण आपल्या मांजरासाठी.

अशा कथांना 'स्टीमपंक' म्हणतात. विज्ञानाची गाडी वाफेच्या स्टेशनवरच थांबली असती तर जग कसं दिसलं असतं, याची कल्पना.

आता प्रेक्षकांविषयी. मुलं मांजरावर खूश. नावाडी केबल कार आली तसा सावरून बसला. या शहरातही कँट स्टेशनपासून गोदौलियापर्यंत रोपवेचे खांब उभे राहिलेत, आणि तो आल्यावर आपल्या धंद्याचं काय होणार यावर नावाड्यांची रोज चर्चा चालते. गुरुजी मात्र लाकडाच्या प्रसंगावर थांबले. भिंतीवर उजाड युरोप दिसत होता. गुरुजींनी दाराबाहेर हात केला आणि म्हणाले, "हे आम्हाला समजावून सांगू नका. आमच्याकडे मेलेल्या माणसालाही लाकूड तोलून मिळतं." खरंच. संकठ्याहून मणिकर्णिका हाकेच्या अंतरावर. तिथे लाकडाच्या थप्प्या घरांच्या उंचीच्या, शेजारी भलामोठा तराजू. आंब्याचं लाकूड वेगळं, चंदन वेगळं, भाव वेगळा. लाकूड संपलं तर काय, हा प्रश्न पॅरिसमध्ये कल्पनेचा असेल, काशीत तो रोजच्या हिशेबाचा आहे.

बाहेरच्या जगात या सिनेमाचं काय झालं? जाणकारांनी डोक्यावर घेतला. जून २०१५मध्ये आनसीच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा 'क्रिस्टल' मिळाला. अ‍ॅनिमेशनच्या जगात याहून मोठा मान क्वचितच असेल. नायिकेला मारियों कोतियारसारख्या अभिनेत्रीचा आवाज. पुढच्या वर्षी अमेरिकेत लागला, तिथल्या समीक्षकांनीही कौतुक केलं. पण कौतुकाच्या मानाने तिकीट काढून जाणारा प्रेक्षक थोडाच राहिला. आपल्याकडे तर हे नाव फारसं कुणाच्या कानावरही नाही.

असं का झालं असावं? माझ्या मते कारणं दोन. पहिलं सर्वांना ठाऊक आहे : कार्टून म्हणजे पोरांचं. मोठ्यांना वाटतं हा लहानांचा, आणि लहानांना थोडा जड जातो. सिनेमा मधल्या मधे बेवारस राहतो. आपल्याकडे हा समज आता कुठे ढिला होतोय. युगो साको आणि राम मोहन यांचा १९९३चा रामायणावरचा अ‍ॅनिमेशनपट एका पिढीने टीव्हीवर जपला आणि तो भारतभर थिएटरांत लागला २०२५च्या जानेवारीत. त्याच वर्षी 'महावतार नरसिंह'ला सगळ्या वयाच्या लोकांनी गर्दी केली. खरं तर या बाबतीत मराठी माणसाने मागे राहायचं काहीच कारण नव्हतं. आव्रिलच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १९१५मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. 'आगकाड्यांची मौज' हे त्या लघुपटाचं नाव. हेच फाळके पुढे कंपनीतल्या भागीदारांना वैतागून सगळं सोडून कुटुंबासह काशीला येऊन राहिले आणि इथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. दोन रात्री चालणारं ते नाटक प्रेक्षकांनी फार काळ उचलून धरलं नाही. प्रेक्षकाने पाठ फिरवली की कसं वाटतं, हे सांगायला काशीत एक मोठा मराठी माणूस राहून गेलाय.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याला कल्पित इतिहास आवडतो, पण तो आपल्याला मोठं करणारा हवा. हा सिनेमा कुणालाच मोठं करत नाही. फ्रेंच प्रेक्षकाला तो सांगतो, की तुमचं साम्राज्य टिकलं असतं तर तुम्ही काजळी खात, मुखवटे लावून जगला असता. ही गोष्ट अभिमान देत नाही, किंमत सांगते. आणि किंमत ऐकायला तिकीट काढून कोण जातो?

इथे मूळ नावाकडे लक्ष द्या. 'त्र्युके' म्हणजे बनावट, हातचलाखी केलेलं. आव्रिल आणि बनावट जग. सिनेमा पहिल्या पाटीलाच कबूल करतो की हे खोटं आहे. इंग्रजीत येताना 'बनावट'चं 'अद्भुत' झालं. मला हा बदल रुचला नाही, कारण या सिनेमाचा सगळा प्रामाणिकपणा त्या एका शब्दात आहे.

आता आपल्याकडे येऊ. त्याच २०१५ सालच्या ३० जानेवारीला 'हवाईजादा' लागला होता. आयुष्मान खुराना नायक, जुनी मुंबई, पितळी चक्रं, पंखांची यंत्रं. दिसायला आपला पहिला स्टीमपंक म्हणावा असाच. नायक कोण, तर शिवकर बापूजी तळपदे. १८९५मध्ये, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, त्यांनी गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विमान उडवलं, अशी कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ही कथा सिनेमाने चरित्र म्हणून मांडली. समीक्षकांनी झोडपला, प्रेक्षकांनी सोडून दिला. त्याच महिन्यात मुंबईतल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवरच्या भाषणाने वादळ उठलं होतं, तेही तुम्हाला आठवत असेल.

तळपदे खरे होते. ते विमानाच्या वेडाने झपाटलेले होते, हेही खरं. परक्या राजवटीत, तुटपुंज्या पैशात एक मराठी माणूस आकाशाकडे बघून काहीतरी जोडत बसला, एवढंसुद्धा मला सलाम ठोकायला पुरेसं आहे. पण ते विमान उडाल्याचा त्या वेळचा, तपासून बघता येईल असा पुरावा अभ्यासकांपुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चं नाव या कथेला चिकटवलं जातं, ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४मध्ये बारकाईने तपासलं. त्यांचा निष्कर्ष असा, की ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत.

हे लिहिलं की मला काय संदेश येतील ते मला माहीत आहे. माजी सैनिकांच्या ग्रुपवर मागे लिहिलं होतं तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी विचारलं होतं, "अभिमान नसेल तर पोरं लढतील कशावर?" प्रश्न साधा नाही, टाळणारही नाही. अभिमान लागतो. पलटणीचा इतिहास आम्ही नव्या जवानाला पहिल्या आठवड्यात शिकवतो तो त्यासाठीच. पण तो अभिमान रोल ऑफ ऑनरवर उभा असतो. त्या फळ्यावर एकही नाव कल्पित नसतं. एक जरी खोटं नाव घुसवलं तर बाकीच्या सगळ्या खऱ्या नावांवर संशय येतो, आणि मेलेली माणसं खुलासा द्यायला येत नाहीत.

शिवाय खोट्या दाव्याची किंमत आम्ही अंगावर भोगलेली आहे. एका उंच चौकीवर आम्हाला मिळालेल्या बॅटऱ्या कागदावर ज्या थंडीत जितके तास चालणार होत्या, त्याच्या निम्मे तासही चालत नव्हत्या. पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा आकडा मात्र ठळक छापलेला. रात्री रेडिओ बसला की त्या आकड्याचा काही उपयोग नव्हता. तेव्हापासून मला कुठलाही मोठा दावा ऐकला की आधी विचारावंसं वाटतं : उणे तीसमध्ये चालवून पाहिलंत का?

अर्थात कल्पनेशी माझं भांडण मुळीच नाही. उलट मी वाढलो तोच भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नवर. आणि गंमत बघा, स्टीमपंकचा हा फ्रेंच आजोबा काशीत येऊन गेलाय. स्वतः नव्हे, तो भारतात कधीच आला नाही. पण १८८०मध्ये त्याने 'ला मेझों आ व्हापर', म्हणजे 'वाफेचं घर', ही कादंबरी लिहिली. त्यात एक पोलादी हत्ती आहे, पोटात बॉयलर, सोंडेतून धूर. तो दोन चाकांवरची घरं ओढत कलकत्त्याहून निघतो, गयेवरून बनारसला येतो आणि पुढे अलाहाबाद, कानपूर, हिमालय. बनारसला एक अख्खं प्रकरण आहे. आव्रिलमध्ये चालणारं घर बघताना मला तोच हत्ती आठवला.

पण त्या कादंबरीतला खलनायक कोण? आपले नानासाहेब पेशवे. वेरूळच्या लेण्यांत लपणारे, सूडाने पेटलेले. गुरुजींना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "त्यांच्या हत्तीवर ते बसणार, तर आपल्या नानासाहेबांना ते चाकाखालीच घालणार. आपण हत्ती बनवला असता तर?" हाच तो मुद्दा. आपण हत्ती बनवला असता तर आपणही तेच केलं असतं, दुसऱ्या कुणाला चाकाखाली घातलं असतं. कल्पित इतिहास लिहिणारा प्रत्येक जण आपल्या बाजूला झुकतं माप घालतो. म्हणून तर आव्रिलचं वेगळेपण. फ्रेंच माणसांनी फ्रान्सचाच इतिहास घेतला आणि स्वतःलाच चाकाखाली घातलं. हे करायला हिंमत लागते. आपल्या मराठी चित्रकारांनी, लेखकांनी असा एक सिनेमा करावा अशी माझी फार इच्छा आहे. पानिपत जिंकलो असतो तर काय मिळवलं असतं, हे आपण हजारदा रंगवलंय. जिंकून काय गमावलं असतं, हे कुणी रंगवून बघावं.

मी हे सगळं शहाणपण पाजळतोय, पण त्या रात्री खरा समीक्षक कुणी वेगळाच निघाला.

सिनेमातलं चित्र ज्यांच्या रेषेवर बेतलंय ते झाक तार्दी यांच्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. फ्रान्समधले मोठे चित्रकथाकार. आजोबा पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत लढलेले, वडील दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे कैदी. तार्दींनी आयुष्यभर खंदकातला साधा शिपाई काढला, चिखलात रुतलेला, घाबरलेला. २०१३मध्ये फ्रान्सने त्यांना लीजन ऑफ ऑनर देऊ केला तर त्यांनी नाकारला. माणसाचं राजकारण मला पटेलच असं नाही. पण शिपायाचा चेहरा त्यांना कळतो. म्हणून या सिनेमाची सुरुवात अजिंक्य सैनिकाच्या सीरमने होते, हा मला योगायोग वाटत नाही.

एनडीएत असताना लष्करी इतिहासाच्या तासाला सेदांची लढाई शिकलो होतो. २ सप्टेंबर १८७०, तिसरा नेपोलियन स्वतः सैन्यासह शरण आला. आम्ही अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. नकाशावरचे निळे-लाल बाण आणि सेनापतींच्या चुका, एवढंच डोक्यात. तेव्हा मला कुणी विचारलं असतं की तुझ्या जवानांसाठी असं सीरम हवं का, तर मी एका सेकंदात हो म्हटलं असतं.

आता सुभेदार साहेबांकडे येतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं एका उंच चौकीवर होतो. एका जवानाच्या फुप्फुसांत पाणी भरलं. उंचीवर हे होतं, आणि वेळेत खाली आणलं तर माणूस वाचतो. हवामानामुळे हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. आम्ही त्याला रात्रभर स्ट्रेचरवर खाली आणत होतो. पुढचा दांडा साहेबांच्या खांद्यावर होता. उजाडायच्या आधी तो गेला. वय तेवीस. नाव लिहीत नाही. वहिनींच्या पिशवीतली ओटी त्याच्या आईने पाठवलेली होती.

सिनेमात सीरमची गोष्ट सुरू झाली तेव्हापासून साहेब गप्प होते. आजारी मांजराचा प्रसंग आला तसे उठून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. मी थोड्या वेळाने गेलो. समोर एक सीएनजीची बोट आवाज न करता चालली होती, खाली मणिकर्णिकेचा उजेड.

"साहेब," ते म्हणाले, "हे औषध त्या रात्री आपल्याकडं असतं तर पोरगं वाचलं असतं."

मी काहीच बोललो नाही.

बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, "वाचलं असतं, व्हय. पर मग आपण काय केलं असतं? चार दिसांत त्याला परत वर धाडला असता. आणि त्यालाच नव्हं, समद्यांनाच. जो मरतच न्हाई त्या शिपायाला रजा कोण देतंय, साहेब?"

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी बरेच कोर्स केले, सेमिनारमध्ये बसलो. 'भविष्यातला सैनिक' या विषयावरची किती प्रेझेंटेशन्स पाहिली असतील त्याला गणती नाही. इतकं सरळ वाक्य कुठे ऐकलं नव्हतं. शिपाई मरू शकतो, म्हणून त्याला पाठवणाऱ्याला विचार करावा लागतो. म्हणून रजा असते, रिलीफ असतो, युद्धाला शेवट असतो. ज्या राजाचे सैनिक मरत नाहीत त्या राजाला तह करायची गरजच उरत नाही. सिनेमात सम्राट मेला म्हणून युद्ध टळलं. त्याला त्याचं सीरम मिळालं असतं तर ते कधीच थांबलं नसतं. फ्रेंच चित्रकाराने जे पावणेदोन तासांत सांगितलं ते जावळीच्या माणसाने पायरीवर बसून दोन वाक्यांत सांगितलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. असा सिनेमा 'पोरांचा' म्हणून बाजूला सारू नका. आपल्या घरातल्या मुलांना दाखवा, सोबत स्वतः बसा. आणि एखादी इतिहासाची गोष्ट छाती फुगवायला लागली की विचारा : ही गोष्ट स्वतःला बनावट म्हणायला तयार आहे का? जी तयार असते तिच्याकडून पुष्कळ खरं शिकता येतं. जी तयार नसते तिच्यापासून सावध राहा, मग ती आपल्या बाजूची का असेना. आपल्या बाजूची असेल तर जास्तच.

सिनेमा संपला तेव्हा गुरुजींचा धाकटा नातू झोपला होता. मोठा विचारत होता, मांजर खरंच बोलू शकतं का. माझ्या मुलीने त्याला सांगितलं, "नाही. पण बोललं असतं तर काय बोललं असतं, हे विचार." मला वाटलं, ही पोरगी माझा लेख एका ओळीत लिहून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं संकटा देवीला गेलो. वहिनींनी ओटी भरली. साहेबांनी हात जोडले, पण काही मागितलं की नाही ते मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी फोन काढला आणि त्या पोराच्या आईला लावला. "व्हय ताई, पोचली. देवीपुढंच ठेवली. न्हाई, गर्दी न्हवती." मग थोडा वेळ नुसते ऐकत राहिले.

जय हिंद.